सासऱ्यांचे उंट आणि जावयाचं गाणं

"बाबांनी कार्ड दिलंय," तक्बर म्हणाली आणि अंगाभोवती गुंडाळलेल्या मलहफ्याच्या टोकाची गाठ सोडून नखाएवढं मेमरी कार्ड तिने यर्बाच्या तळहातावर ठेवलं. "भरलंय म्हणाले. फोन आता एकाही उंटाचा फोटो घ्यायला तयार नाही. सगळं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये नीट जपून ठेव आणि कार्ड रिकामं करून दे. दुपारच्या नमाजानंतर त्यांची गाडी आहे."

"मला दिलं त्यांनी?"

"तुला कसं देतील? मला दिलं. म्हणाले, 'तुझ्या त्याला दे.'"

यर्बाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चार वर्षांत सासऱ्यांनी त्याचा उल्लेख 'तुझा तो' असा प्रथमच केला होता. एरवी उल्लेखच नसे.

आमच्या मुलखात जावयाने सासऱ्यासमोर जेवायचं नाही, चहा प्यायचा नाही, हसायचं नाही, गाणं तर नावालाही ऐकायचं नाही, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे दिसायचंच नाही. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. याला लाज म्हणतात, आणि ज्याला ती नाही त्याला कोणी मुलगी देत नाही. यर्बापाशी ती भरपूर होती. सासऱ्यांचं, म्हणजे देद्दाहींचं, तोंड त्याने धड पाहिलेलं नव्हतं. ते आले की याची मान खाली आणि फेटा नाकापर्यंत. त्यामुळे त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या त्या फक्त सासऱ्यांच्या वहाणा. जाड उंटाच्या कातड्याच्या, डाव्या अंगठ्यापाशी हिरव्या दोऱ्याने टाके घातलेल्या. भर बाजारात त्या वहाणा दिसल्या तरी तो सापडेल त्या गल्लीत वळत असे.

लाजेच्या जोडीला भीतीही होती. देद्दाही अक्जूजच्याही पुढे वाळवंटात तंबू टाकून राहणारे, उंटांच्या कळपाचे धनी. एकुलती एक मुलगी त्यांनी राजधानीतल्या, नुआकशोतच्या दुकानदाराला दिली ती जरा नाइलाजानेच. आमच्याकडे सासरा नाराज झाला तर भांडत नाही. तो फक्त निरोप पाठवतो, "मुलीला चार दिवस दूध प्यायला पाठवा." हे चार दिवस कोणी मोजत नाही. यर्बाच्या मागच्या गल्लीतल्या चार्जरवाल्याची बायको अशीच दूध प्यायला गेली होती, ती अजून पितेच आहे. तक्बरशिवाय एक दिवसही आपल्याला जमणार नाही हे यर्बाला पक्कं ठाऊक होतं. फक्त हे त्याने तक्बरला कधी सांगितलं नव्हतं, कारण लाज तिथेही भरपूर होती.

यर्बाचं दुकान मोबाईल बाजारात. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी हिरवी चादर, एक म्हातारा लॅपटॉप आणि भागीदार सांबा. लोक फोन घेऊन यायचे आणि कार्डावर गाणी भरून घ्यायचे. कोणाला लग्नातली गाणी हवी असत, कोणाला कुराणपठण, कोणाला दोन्ही, पण वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. या बाजाराची खासियत अशी की सकाळी एका लॅपटॉपवर असलेलं गाणं संध्याकाळपर्यंत सगळ्या लॅपटॉपवर पोचतं आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीतून ऐकू येतं. कोणी पाठवत नाही, ते आपलं जातं.

सांबा नदीकाठच्या पुलार लोकांपैकी. त्यांच्यात गायी असतात आणि सासऱ्याशी बोलायला बंदी नसते. त्याचा दिवस निखाऱ्यांवर चहा उकळण्यात आणि यर्बाच्या लोकांची थट्टा करण्यात सुखाने जायचा.

यर्बाने कार्ड लॅपटॉपला लावलं आणि दोघेही पडद्याकडे बघत राहिले. आत उंटच उंट होते. समोरून उंट, बाजूने उंट, मागून तर फारच उंट. एका व्हिडिओत नुकतं जन्मलेलं पिल्लू उभं राहायची धडपड करत होतं आणि अर्ध्या पडद्यावर देद्दाहींचा अंगठा होता. रेकॉर्डिंगमध्ये आधी म्हाताऱ्याचा आवाज यायचा, "ही झर्गा," आणि मग झर्गा काय म्हणायचं ते म्हणायची.

"याची गाणी कुठेत?" सांबाने विचारलं.

"हीच गाणी."

"आमच्याकडे गायी आहेत, पण असं कोणी त्यांच्या तोंडाशी फोन धरत नाही."

"तुमच्या गायींना सांगण्यासारखं काही नसेल," यर्बा म्हणाला. सासऱ्यांची बाजू घेण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती आणि त्याला ती बरी वाटली.

आता फोल्डर करायचं तर त्याला नाव हवं. 'देद्दाही' असं टाइप करायला त्याचं बोट धजेना. जे तोंडाने उच्चारत नाही ते बोटाने तरी कसं उच्चारायचं? 'सासरे' म्हणजे त्याहून निर्लज्जपणा. बराच विचार करून त्याने नुसतं 'उंट' असं लिहिलं आणि फायली त्यात सोडल्या.

इथेच खरं तर त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. कारण त्याच लॅपटॉपमध्ये त्याच जागी 'उंट जुने' नावाचं एक फोल्डर आधीपासून होतं, आणि त्यात एकही उंट नव्हता.

त्यात यर्बा होता. दुपारी उन्हाने बाजार झोपायचा, सांबा घोरायचा, तेव्हा यर्बा चहाच्या तबकावर बोटांनी ठेका धरून फोनमध्ये गायचा. चार ओळींचं कवन करणं आमच्याकडे कोणालाही शोभतं, पण ते गाणं हे गवयांच्या घराण्यांचं काम. दुकानदार गायला लागला हे कळलं तर पोरंसोरं मागे लागतील. शिवाय ही सगळी कवनं तक्बरवर होती आणि ती तक्बरलाही ऐकवण्याची त्याची छाती नव्हती. बाजारातल्या गिऱ्हाइकांपासून लपवायचं म्हणून त्याने शहरातला कुठलाही तरुण उघडणार नाही असं नाव शोधून काढलं होतं.

त्यातलं एक कवन तर असं होतं:

*उंटिणीची खुशाली रोज पुसतो तुझा बाप,*
*जावयाला मात्र दिसते फक्त त्याची वहाण;*
*तरी त्याचे हजार गुन्हे माझ्या लेखी माफ,*
*त्याच्या घरचं चांदणं माझ्या घरात आहे गहाण.*

कॉपी होण्याची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. लॅपटॉप आधी म्हणाला चार मिनिटं, मग म्हणाला दोन तास, मग बहुधा त्याचं त्यालाच हसू आलं आणि पुन्हा चार मिनिटांवर आला. शेवटी सगळे उंट सुखरूप पोचले. यर्बाने प्रत्येक फाईल उघडून खात्री केली, मग कार्ड पुसून कोरं केलं. तेवढ्यात फोन थरथरला.

"अरे, बाबा तुझ्याकडेच येतायत!" तक्बर ओरडत होती. "गाडी लवकर निघतेय म्हणे. मी म्हटलं मी आणून देते, तर म्हणाले बाजारात बॅटरी घ्यायची आहेच. आता कोपऱ्यावर असतील!"

कोपऱ्यावरून एक दणदणीत खाकरणं ऐकू आलं. खानदानी म्हातारे असेच खाकरतात. ज्याने लपायचं त्याला वेळ मिळावा म्हणून.

यर्बाने डावीकडे पाहिलं, तिकडून पाण्याचा टँकर येत होता. उजवीकडे फोनच्या पेट्यांची भिंत. त्याने सांबाला एवढंच म्हटलं, "मी इथे नाही," आणि चादर उचलून तो टेबलाखाली शिरला. गडबडीत त्याच्या उजव्या वहाणेचा आधीच झिजलेला पट्टा तुटला. सांबाने घाईघाईने चादर सारखी केली. चादर जिथे संपत होती तिथे हिरव्या टाक्यांच्या वहाणा येऊन थांबल्या.

"सलाम. दुकानात तू एकटाच ना?" देद्दाहींनी विचारलं.

"अगदी एकटा, काका. बसा. उंट पोचले लॅपटॉपात. सगळे."

"सगळे? झर्गा?"

"झर्गा आल्या आल्या ओरडली सुद्धा."

वहाणांनी समाधानाने जागा बदलली. म्हातारा स्टुलावर बसला. "असं कर, कार्ड अगदीच कोरं नको देऊस. फोटो राहू देत इथे, पण आवाज टाकून दे. रात्री माझे डोळे काम करत नाहीत आणि तिकडे नेटवर्कही नाही. ऐकायला काहीतरी हवं."

"लगेच टाकतो."

टेबलाखाली यर्बाने सुस्कारा सोडला. सांबाला कॉपी करता येत होतं. पण लगेच वरून सांबाचा विचारमग्न आवाज आला, "इथे दोन आहेत. 'उंट' आणि 'उंट जुने'. काका, नवे टाकू की जुने?"

"जुनेच टाक. नव्या उंटांना कसला आलाय आवाज!"

यर्बाने सांबाच्या विजारीचा पाय धरून जोरात ओढला. सांबाने खाली पाहिलं. टेबलाखालच्या माणसाला काय हवं असेल? निखाऱ्यांवर चहा तर तयार होता. त्याने पहिला पेला भरला आणि चादरीखाली सरकवला.

यर्बा पेला हातात घेऊन बसला. सासऱ्यासमोर चहा पिणं म्हणजे घोर बेअदबी. मग टेबलाखाली पिणं सासऱ्यासमोर धरायचं की नाही, यावर वाडवडील काही सांगून गेले नव्हते. न पिता ठेवावा तर खाली जागा नव्हती. त्याने डोळे मिटून एका घोटात तो कडू चहा संपवला आणि पुन्हा विजार ओढली. या वेळी अशी ओढली की सांबाला एका हाताने नाडी सावरावी लागली.

"जरा धीर धर की," सांबा पुटपुटला आणि दुसरा पेला खाली गेला.

"काय म्हणालास?" देद्दाहींनी विचारलं.

"लॅपटॉपला म्हणालो, काका. फार हळू चालतो."

चादरीबाहेर आलेला हात, हातातला रिकामा पेला, आत जाणारा भरलेला पेला, हे सगळं देद्दाहींच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पण म्हातारा घरंदाज. त्याने नजर समोरच्या चार्जरच्या दुकानावर ठेवली आणि हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. यंदा तिकडे पाऊस बरा आहे. गवत घोट्यापर्यंत आलंय. तिसरा पेला झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी उठत नाही, तसे तेही उठले नाहीत, आणि तिसरा पेलाही चादरीखाली गेला. यर्बाचा एक पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता, निखाऱ्यांच्या धगीने दुसरा भाजत होता, आणि डोक्यावर त्याचीच कवनं एकेक करून सासऱ्यांच्या कार्डात उतरत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वहाणा गेल्या. यर्बा बाहेर आला तो बांग न फुटणाऱ्या कोंबड्यासारखा नुसताच तोंड उघडत मिटत होता.

"काय गडी आहे!" सांबा खुशीत होता. "तीन पेले प्यालास आणि वर—"

"सांब्या, अरे उंटावरच्या शहाण्या, काय टाकलंस त्यात!"

"जुने उंट."

"ते उंट नाहीत!"

सांबाने फोल्डर उघडलं, पहिल्याच फाईलवर बोट मारलं, आणि भागीदाराचा आवाज तबकाच्या ठेक्यावर बाजारात घुमू लागला. चार ओळी संपेपर्यंत सांबा गंभीर होता. 'वहाण' शब्दाला मात्र त्याने फोनच्या पेट्यांवर डोकं टेकलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

"हस! तिकडे ना नेटवर्क, ना रेडिओ. महिनाभर त्यांना ऐकायला दुसरं काही नाहीये. रोज रात्री ऐकतील! आणि मग निरोप येईल, मुलीला दूध प्यायला पाठवा!"

हे ऐकल्यावर सांबाचं हसू थांबलं. तक्बर त्यालाही बहिणीसारखी. त्याने चहाची किटली बाजूला ठेवली. "गाडी अजून निघाली नसेल. जा तू. माझं जॅकेट घाल, फेटा डोळ्यांपर्यंत बांध. तुझं तोंड त्यांनी पाहिलंय कुठे?"

खरंच की. चार वर्षं तोंड लपवल्याचा पहिल्यांदाच उपयोग होणार होता. तुटक्या पट्ट्याला सुतळीची गाठ मारून, डोळ्यांची फट सोडून बाकी सगळं गुंडाळून यर्बाने टॅक्सी पकडली. गाडीतळावर पोचला तेव्हा हायलक्स गाडीच्या पाठीवर पोती, शेळ्या आणि माणसं चढत होती आणि ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या जागी हिरव्या टाक्यांच्या वहाणा होत्या.

"सलाम, काका," यर्बा होता नव्हता तेवढा आवाज बारीक करून म्हणाला. "मोबाईलच्या दुकानातून आलोय. ते कार्ड परत द्या. त्यात व्हायरस गेलाय."

"काय गेलंय?"

"म्हणजे... रोग. कार्डाला रोग झालाय."

"माझ्या कळपाला खरूज लागली होती तेव्हा डांबर फासून मीच बरा केला," देद्दाही शांतपणे म्हणाले. "कार्डाचंही बघेन मी. तू कोणाचा रे?"

हा प्रश्न येणार हे यर्बाने आधीच ओळखायला हवं होतं. आमच्याकडे माणूस बुडत असला तरी काठावरचा आधी विचारतो, तू कोणाचा. आणि वंशावळी पाठ असण्यात देद्दाहींचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

"मी... अहमद सालेमचा."

"कुठला अहमद सालेम? विहिरीवाला की लंगडा?"

"विहिरीवाला."

"त्याला सगळ्या मुलीच आहेत."

"नाही, म्हणजे लंगडा. लंगड्याचा मी."

"लंगडा माझा मावसभाऊ. त्याने लग्नच केलं नाही," देद्दाही म्हणाले. क्षणभर ते खाली कुठेतरी बघत राहिले आणि मग कोणाला न विचारता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बिचारा. त्याला मुलगा झाल्याचं कळवायला हवं."

ड्रायव्हरने हॉर्न मारला. शेळ्या ओरडल्या. धुळीत उभा राहिलेला लंगड्याचा मुलगा गाडी दिसेनाशी होईपर्यंत हललाच नाही.

घरी आल्यावर त्याने तक्बरला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. उद्या निरोप आला तर तिलाच गाठोडं बांधायचं होतं. टेबल, चहा, लंगडा अहमद सालेम, काही गाळलं नाही. फक्त कवनं कशावर होती हे सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला.

तक्बर हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"म्हणजे, माझ्यावर गाणी केलीस?"

"हं."

"किती दिवस?"

"लग्नापासून."

"आणि ती माझ्याआधी बाबांनी ऐकली?"

"मुद्दाम नाही ना गं ऐकवली!"

"चार वर्षं मी या घरात तुझ्या तोंडून 'मीठ कमी आहे' एवढंच ऐकलं!" तक्बर उठून उभी राहिली. "निरोपाची वाट कशाला बघायची? मी आपणच जाते. बाबांच्या तंबूत जाऊन बसते. तिथे निदान तू ऐकू तरी येतोस!"

ती गेली नाही, पण तिने अबोला धरला. यर्बाला धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय अशी गत झाली. दुसऱ्या दिवशी त्याने सगळी कवनं एका नव्या कार्डावर घातली आणि ते तिच्या उशाशी ठेवून दुकानात पळाला. संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं. भातावरचा माशाचा सगळ्यात चांगला तुकडा त्याच्या बाजूला होता. अबोला संपला होता, पण ती मधूनमधून त्याच्याकडे बघून कारण नसताना हसे आणि तो ताटावर आणखीच खाली वाके.

निरोप मात्र येईना. दोन आठवड्यांनी देद्दाहींनी नेटवर्क लागतं त्या टेकाडावर चढून मुलीला फोन केला. तक्बरने स्पीकर लावला आणि यर्बा पलीकडून भिंतीला कान लावून बसला.

"बाबा, उंट कसे आहेत?"

"मजेत आहेत. कार्डावरचे जरा आजारी वाटतात. आवाज बदललाय." मग वाऱ्याचा सुंसुं आवाज बराच वेळ आला. "तू कशी आहेस? दूध मिळतं का तिथे चांगलं?"

दूध! यर्बा भिंतीवरून घसरत खाली बसला. तक्बरने फोन ठेवला. "बाबांच्या मनातलं मला कधी कळत नाही," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलं तर मला नाही म्हणता येणार नाही रे."

पुढचे दिवस यर्बाने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. गिऱ्हाईक गाणी मागे, हा पठण भरून देई. हायलक्सचा हॉर्न वाजला की तो सवयीने टेबलाखाली बघे.

एका सकाळी खरोखरच तो हायलक्सवाला दुकानात आला आणि फडक्यात बांधलेलं कार्ड सांबाच्या हातात ठेवून म्हणाला, "म्हाताऱ्याने दिलंय. भरलंय म्हणे. रिकामं करून पाठवा."

यर्बाने कार्ड लावलं. ते भरलेलं वगैरे काही नव्हतं. त्याची सगळी कवनं जागच्या जागी होती, एकही पुसलेलं नव्हतं. आणि त्यांच्याखाली एकच नवी फाईल होती.

"लाव की," सांबा म्हणाला.

"तू लाव."

सांबाने लावली. आधी झर्गा घसा साफ केल्यासारखं ओरडली. मग म्हातारा बोलू लागला. "झर्गे, मी हे तुला सांगतोय, दुसऱ्या कोणाला नाही. लंगड्याच्या न झालेल्या मुलाने चार ओळी केल्यात. तिसऱ्या ओळीत यमक लंगडतंय, बापावर गेलाय. 'बाप' ला 'माफ' लावलंय गाढवाने. कवनाला कवनानेच उत्तर द्यायचं असतं, त्याच यमकात, म्हणून देतोय. नीट ऐक." आणि कसल्यातरी डब्यावर ठेका धरून, घोगऱ्या पण तालात पक्क्या आवाजात देद्दाहींनी म्हटलं:

*टेबलाखाली उंट बसला, त्याला कसला ताप?*
*पाय होते ओळखीचे अन् तुटकी होती वहाण;*
*चांदणं दिलंय राजीखुशीनं, मी मुलीचा बाप,*
*दिलं ते दिलं रे वेड्या, ते नसतं गहाण.*

झर्गाने शेवटाला दाद दिली आणि फाईल संपली.

सांबाने पहिला पेला भरून भागीदारासमोर ठेवला. यर्बाने फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि धुळीला शिव्या दिल्या. चार वर्षं त्या माणसाने आपल्याकडे एकदाही पाहिलं नाही असं त्याला वाटत होतं. तोही बिचारा खाली मान घालून पायच बघत होता.

"बॅकअप घेऊ?" सांबाने विचारलं.

यर्बाने लॅपटॉपवर घेतला, पेनड्राइव्हवर घेतला, फोनवर घेतला आणि एक प्रत घरी तक्बरसाठी. मग दुपारी बाजार झोपल्यावर त्याने तिसऱ्या ओळीचं यमक दुरुस्त केलं, नवीन चार ओळी जोडल्या, आणि कार्ड 'रिकामं करून' पाठवून दिलं. दर महिन्याला ते पुन्हा भरून येऊ लागलं.

ईदला देद्दाही शहरात आले. रिवाजाप्रमाणे ते बैठकीत बसले आणि जावई पडद्यामागच्या खोलीत. ना सलाम, ना शब्द, ना नजर. तक्बर मधे बसून बापाला चहा करत होती. दुसऱ्या पेल्यानंतर म्हाताऱ्याने झग्याच्या खिशातून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे घे. भरलंय. तुझ्या त्याला दे."

तक्बरने ते आपल्या फोनमध्ये घालून पाहिलं. "बाबा, भरलेलं कुठे? हे तर कोरं आहे. काहीच नाही यात. चुकून सगळं पुसलं गेलं वाटतं."

देद्दाहींनी चहाचा पेला खाली ठेवला. कोपऱ्यावर खाकरायचे तसे दणदणीत खाकरले आणि पडद्याकडे पाठ फिरवून, भिंतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. लवकर भरून दे म्हणावं. माझी गाडी उद्या आहे."

पडद्याखालून दिसणारे, सुतळीची गाठ मारलेल्या वहाणेतले दोन पाय आधी एकमेकांवर चढले आणि मग लाजून आत गेले. थोड्याच वेळात आतून चहाच्या तबकावर बोटांचा ठेका ऐकू येऊ लागला. देद्दाहींना तो अर्थातच ऐकू आला नाही. ते तिसऱ्या पेल्याची वाट बघत बसले होते. फक्त त्यांच्या डाव्या वहाणेचा अंगठा, हिरव्या टाक्यापाशी, तालात हलत होता.